थीसिस लेटेकमधे नेऊ का वर्डमधेच राहू? सबमिशनला सहा आठवडे

मँगनीजवाला | ३ मे, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबली तर माफ करा, डोकं जागेवर नाहीये. नागपुरात भूगर्भशास्त्रात पीएचडी करून राहिलोय, विषय सौसर गटाच्या खडकांतलं मँगनीज. प्री-सबमिशन झालं, थीसिस जमा करायला सहा आठवडे आहेत. वर्डमधे आठ चॅप्टरच्या आठ फाइली, मिळून २३४ पानं. आज चौथ्या चॅप्टरमधे मनसरचा एक नकाशा मधेच टाकला आणि त्याच्यापुढचे थिन सेक्शनचे (दगडाच्या पातळ कापांचे) सगळे फोटो आपापली जागा सोडून फिरायला निघाले. एक तर टेबलावर जाऊन बसला. आकृती ४.१२ नंतर परत ४.९ येतेय कारण नंबर मी हातानी टाकलेत, हो माहितीये, द्या शिव्या.

लॅबमधला एक ज्युनियर म्हणे लेटेकमधे घे, म्हणजे कमांड लिहून पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, सगळं आपोआप होते. मला कोडिंग येत नाही. सरांना वर्ड सोडून दुसरं काही चालत नाही. आणि बाहेर ४५ डिग्री, कूलरमधलं पाणी संपलं की मीच संपतो. काय करू?

तर्रीकमी | ४ मे, सकाळी ७:२०

अबे सहा आठवडे राहिले आणि तू आता नवी भाषा शिकणार? तहान लागली की विहीर खोदायला घेणारे पोट्टे आपण. मी कॉमर्समधे वर्डवरच केली, ३१० पानं, एक फोटो हलला नाही. वर्डचा दोष नाही, तू स्पेसबार आणि एंटर मारून मारून पान सजवलं असशील. हेडिंगला हेडिंग स्टाइल लाव, आकृतीखाली इन्सर्ट कॅप्शन कर, मजकुरात क्रॉस रेफरन्स दे, फोटो 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेव. दोन दिवसांचं काम आहे. पोहे खा आणि बस.

झिरोमाईल | ४ मे, सकाळी १०:०५

तर्रीकमी म्हणतो ते बरोबर आहे आणि ते आधी वाच. कॉमर्सच्या थीसिसला मीही वर्डच सांगते. तुझ्याकडे मात्र शंभराच्या वर आकृत्या, लांब टेबलं आणि रासायनिक सूत्रं असणार, तिथे लेटेक खरंच कामाला येतं.

मी इंजिनियरिंगला शिकवते, दरवर्षी कोणीतरी शेवटच्या महिन्यात हाच प्रश्न घेऊन येतं. त्यांना मी एकच सांगते: सगळ्यात वाईट चॅप्टर घे, तुझा चौथा, आणि दोन संध्याकाळींत तो लेटेकमधे आणून बघ. सोपा पहिला चॅप्टर घेऊ नकोस, त्यात काहीच कळत नाही. आला तर पुढे जा. नाही आला तर कोणाला न सांगता वर्डमधे परत जा आणि स्टाइल लावत बस.

कोडिंग वगैरे काही नाही. वर्डमधे तू हेडिंग सिलेक्ट करून बोल्ड करतोस, इथे लिहितोस की हे 'सेक्शन' आहे, बस. नंबर, अनुक्रमणिका, आकृत्यांची यादी ते स्वतः बनवतं. फोटो मात्र इथेही फिरतातच, लेटेकच मुद्दाम फिरवतं. पानावर जागा नसेल तर पुढच्या पानाच्या डोक्यावर नेऊन ठेवतं. फरक इतकाच की नंबर आणि मजकुरातला उल्लेख दोन्ही बरोबर राहतात. 'खालील आकृतीत' असं लिहायची सवय असेल तर आजच सोड, 'आकृती ४.९ मधे' असं लिही आणि तो ४.९ लेबलमधून येऊ दे.

फुटाळा_७ | ४ मे, दुपारी २:३१

ताईंनी सांगितलंच, मी फक्त सांगाडा देतो. एक मुख्य फाइल, त्यात बुक क्लास (म्हणजे पुस्तकाचा साचा), बारा पॉइंट, एफोर. प्रत्येक चॅप्टर वेगळी फाइल आणि मुख्य फाइलमधून 'इन्क्लूड'. एकाच चॅप्टरवर काम करताना वर 'इन्क्लूडओन्ली' द्यायचं, बाकीचे कंपाइल होत नाहीत, म्हणजे त्यांची पानं बनत नाहीत, पण त्यांचे नंबर तसेच राहतात. सुरुवातीची पानं 'फ्रंटमॅटर'मधे टाकली की रोमन आकडे येतात, 'मेनमॅटर' लिहिलं की १ पासून. वर्डमधे सेक्शन ब्रेकनी हेच करताना माझ्या रूममेटची एक आख्खी रात्र गेली होती.

बाय द वे उच्चार लेटेक किंवा लाटेक. लेटेक्स म्हणजे हातमोजे.

तर्रीकमी | ४ मे, दुपारी २:४०

लिहितांना एक्स, म्हणतांना क. हे सुरुवातीपासूनच गंडवून राहिले न बे.

झिरोमाईल | ४ मे, दुपारी ४:१५

तो एक्स नाहीच, ग्रीक 'खी' आहे. लेटेकच्या पोटातलं टेक हे मूळ संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांचं. १९७७ मधे त्यांच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली ती इतकी कुरूप वाटली की गृहस्थ स्वतःच अक्षरजुळणीची सिस्टीम करायला बसले. १९७८ च्या सुट्टीत उरकेल असा अंदाज होता, पक्की व्हायला १९८९ उजाडलं. आता व्हर्जनचे नंबर गणितातल्या 'पाय'कडे सरकतात, ३.१४१५९ वगैरे. त्याच्यावर सोप्या कमांडचा थर चढवला तो लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात, 'ला' त्यांचा. वेळापत्रक कोसळलं म्हणून रडणाऱ्या पोरांना मी वर्गात हीच गोष्ट सांगते.

मँगनीजवाला | ७ मे, रात्री १:१०

चौथा चॅप्टर घेतला. सहा तास बसलो. 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड' म्हणतेय, एकदा नाही १२६ वेळा. डॉलर कुठून आणू? माझ्या फाइलमधे पैशाचा संबंधच नाही.

आणि अजून एक, मँगनीजची टक्केवारी लिहिलेली वाक्यं अर्धी गायब आहेत. 'या नमुन्यात ४२' इथेच वाक्य संपतेय. आधी वाटलं मीच अर्धं लिहिलं की काय.

फुटाळा_७ | ७ मे, रात्री १:२२

जागाच आहे मी. १२६ नमुने आहेत का तुझ्याकडे? आणि नमुन्यांच्या नावात अंडरस्कोअर आहे का, एमएन_०४ असं काही?

मँगनीजवाला | ७ मे, रात्री १:२४

हाव! तुला कसं कळलं बे

फुटाळा_७ | ७ मे, रात्री १:३१

अंडरस्कोअर म्हणजे लेटेकला वाटते तू गणितात खालचा आकडा लिहून राहिला, आणि गणित डॉलरच्या चिन्हातच चालते. अंडरस्कोअरच्या आधी बॅकस्लॅश दे. टक्क्याच्या चिन्हाचं तसंच, ते चिन्ह आलं की त्या ओळीत पुढचं सगळं ते टीप समजून गिळून टाकते, एररही देत नाही. त्यालाही बॅकस्लॅश. फाइंड-रिप्लेस एकदा मार, दोनदा मारू नको, नाहीतर डबल बॅकस्लॅश म्हणजे नवीन ओळ होते आणि मग पुन्हा रडशील. सूत्रांसाठी 'एमएचकेम' पॅकेज घे, ऑक्साइडचे खालचे आकडे स्वतः बसवते.

एरर वाचतांना सगळ्यात वरची पहिली एरर फक्त बघायची. बाकीच्या तिची पिल्लं असतात.

मँगनीजवाला | ७ मे, रात्री २:०३

झालं. ३८ पानं एका दमात आली. फोटोंचे नंबर बरोबर, यादी बरोबर. खोटं कशाला बोलू, उठून एकटाच गच्चीवर जाऊन आलो. करतोय मी हे, आठही चॅप्टर.

मँगनीजवाला | ११ मे, संध्याकाळी ६:४५

सगळे चॅप्टर चढवले आणि आता ऑनलाइन एडिटर म्हणतेय वेळ संपली, पैसे भरा. नाव लिहीत नाही. एकेक चॅप्टर वेगळा होतो, सगळं मिळून होत नाही.

झिरोमाईल | ११ मे, संध्याकाळी ७:३०

मायक्रोस्कोपवरून आलेले फोटो आहेत तसेच टाकलेस ना? एकेक किती एमबीचा आहे बघ.

मँगनीजवाला | ११ मे, संध्याकाळी ७:३८

१८ ते २४ एमबी. ९० फोटो.

झिरोमाईल | ११ मे, रात्री ८:१०

अरे बाळा. पंधरा सेंटीमीटर रुंद छापायचा फोटो ३०० डीपीआयला साधारण १८०० पिक्सेलचा पुरतो. सगळे एकदम लहान करून घे, मूळ फाइली पेनड्राइव्हवर वेगळ्या ठेव. नकाशे जीआयएसमधून (नकाशाच्या सॉफ्टवेअरमधून) थेट पीडीएफ काढ, त्यातल्या रेषा कितीही मोठं केलं तरी फाटत नाहीत. फोटो टिफमधे असतील तर जेपेग किंवा पीएनजी कर, लेटेक टिफ घेत नाही. आणि लिहीत असताना क्लासच्या ओळीत 'ड्राफ्ट' टाक, फोटोच्या जागी नुसते चौकोन येतात आणि काम भर्रकन होतं. याउपर आपल्या लॅपटॉपवर टेक लाइव्ह, म्हणजे लेटेकचा अख्खा संच, टाकून घे. काही जीबीचं डाउनलोड आहे, रात्री लावून झोप. लॅपटॉपवर वेळेची मर्यादा नसते.

मँगनीजवाला | १७ मे, दुपारी १२:२०

हे झालं, लॅपटॉपवर सगळं दीड मिनिटात होतेय. आता सरांचा किस्सा ऐका.

पीडीएफ घेऊन गेलो. सर म्हणाले वर्ड फाइल कुठाय, मी त्यात ट्रॅक चेंजेस करतो. पॅनडॉक नावाच्या फाइल बदलणाऱ्या प्रोग्रामनी वर्ड करून दिली, मजकूर छान आला पण टेबलं मोडली आणि अर्ध्या क्रॉस रेफरन्सचा पत्ता नाही. सरांनी दोन पानं चाळली आणि म्हणाले छापूनच आण. मग ड्राफ्ट छापून नेला, दोन दिवसांनी लाल पेननी रंगवून परत. पहिलाच लाल गोल संदर्भसूचीत: 'सौसर, मनसर, कन्हान ही विशेषनामं आहेत, लहान अक्षर कसं?' मी तर मोठंच लिहिलं होतं! दुसरा गोल: 'हे ऑफ माइन्स कोण?' मजकुरात जिथे जिथे इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचा आकडा दिलाय तिथे तिथे कंसात नुसतं 'ऑफ माइन्स' आणि साल. शेवटच्या यादीत 'ऑफ माइन्स, आय. बी.' सर म्हणाले, त्यांचं हेड ऑफिस सिव्हिल लाइन्समधे आहे, नेऊन दाखव त्यांना.

तर्रीकमी | १७ मे, दुपारी १२:२९

आय. बी. ऑफ माइन्स 😂😂 चांगलं नाव आहे, गोऱ्या साहेबाचं वाटते

झिरोमाईल | १७ मे, दुपारी १:४०

हसून घ्या, माझ्या स्वतःच्या थीसिसमधे एका सरकारी खात्याचं असंच आडनाव झालं होतं.

लेटेकची संदर्भसूची बनवतं ते बिबटेक, त्याला लेखकाच्या जागी माणूसच लागतो. शेवटचा शब्द आडनाव, मधे लहान लिपीतलं 'ऑफ' दिसलं की त्याला वाटतं हे 'व्हॅन' किंवा 'डी'सारखं आडनावाचं शेपूट आहे. संस्थेचं नाव असेल तर महिरपी कंसाच्या दोन जोड्या घाल, एक नेहमीची आणि आत अजून एक. मग ते अख्खं नाव एकच समजतं. शीर्षकातल्या विशेषनामांचंही तेच. बऱ्याच स्टाइलमधे लेखाच्या शीर्षकाचा पहिला शब्द सोडून बाकी सगळं लहान लिपीत जातं, म्हणून सौसर, मनसर, कन्हान, प्रत्येक नाव महिरपी कंसात. झोटेरोमधून (संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमधून) यादी काढली असशील तरी हे एकदा डोळ्यांनी तपासच. आणि दोन लेखकांच्या मधे स्वल्पविराम नाही, 'अँड' लिहायचं, तीन असले तरी दोनदा 'अँड'.

सरांच्या बाबतीत आता भांडू नकोस, कागदावरच दुरुस्त्या घे. पुढच्या खेपेला 'लेटेकडिफ' चालव, जुन्या-नव्यातला फरक रंगात दाखवणारी पीडीएफ निघते. तेवढं दाखवलं की आमच्याकडचे सर लोक शांत होतात.

वर्धारोड | १७ मे, दुपारी ३:०२

मधेच विचारतो, साहित्यचौर्य तपासायला लेटेकची पीडीएफ चालते का? आमच्याकडे कोणीतरी म्हणे वर्डच लागते.

फुटाळा_७ | १७ मे, दुपारी ३:१७

चालते, फक्त अक्षरं सिलेक्ट-कॉपी होणारी पीडीएफ पाहिजे, स्कॅन नाही. शोधगंगावर (थीसिसच्या ऑनलाइन संग्रहावर) चढवायलाही पीडीएफच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही आणि संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश त्यात धरत नाहीत. तरी तुमच्या विद्यापीठाच्या पीएचडी सेलला विचारा, प्रत्येकाचं खिडकीवरचं शास्त्र वेगळं.

मँगनीजवाला | २२ मे, रात्री ९:३३

मराठी सारांश लागतो दोन पानं. टाइप करून घेतला होता, ती फाइल आता युनिकोडमधे चिकटवली तर रोमन अक्षरं आणि टोप्या घातलेले ए-ओ दिसून राहिले. ऑनलाइन कन्व्हर्टरनी बदललं तर मराठी आलं, पण शीर्षकातच 'कन्हान खोर्यातील' आलंय.

डीटीपीकाका | २२ मे, रात्री १०:१५

बेटा, ते श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधे टाइप झालेलं आहे. आम्ही नागपूरच्या महाल भागात पंचवीस वर्षं तेच करतो. त्यात अक्षर म्हणजे इंग्रजी कीचं नुसतं चित्र असते, फॉन्ट काढला की चित्र गेलं. कन्व्हर्टर बहुतेक सगळं बदलतो पण 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' खातो. दोनच पानं आहेत, युनिकोडमधे नव्यानी टाइप कर, दुरुस्त करण्यापेक्षा लवकर होईल. आमच्याकडे आला असता तर आम्हीच करून दिलं असतं, पण आता तुम्ही पोरं सगळं घरीच करता.

ऱ्हस्वदीर्घ | २२ मे, रात्री १०:५०

माझ्या नावाचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. काका बरोबर बोलले. खोऱ्यातील, पांढऱ्या, दऱ्या, यातला तो आडवा र टाइप करायला नुक्ता असलेला ऱ घ्या, मग हलन्त, मग य. 'खोर्यातील' असं लिहिलं तर मराठीच्या परीक्षकाला छातीत कळ येते.

मी मराठीतच प्रबंध केला, अख्खा लेटेकमधे, त्यामुळे थोडं सांगते. साधं पीडीएफलेटेक इथे सोडा, झीलेटेक घ्या, ते फाइल युनिकोडमधे वाचतं आणि मशीनवरचे फॉन्ट थेट वापरतं. 'फॉन्टस्पेक' आणि 'पॉलीग्लॉसिया' ही दोन पॅकेजं. फॉन्ट सांगताना लिपी देवनागरी हे लिहायला विसरायचं नाही, नाहीतर जोडाक्षरं जुळत नाहीत, सगळीकडे पाय मोडलेली अक्षरं आणि वेलांटी चुकीच्या बाजूला. आणि त्यापुढे भाषा मराठी हेही लिहा. बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं, पण चांगल्या फॉन्टात ल आणि श दोन घाटांचे असतात, एक हिंदीवाला, एक आपला. भाषा मराठी सांगितलं की आपला ल आणि आपला श उमटतो. मी शोभिका वापरला, आयआयटी मुंबईनी केलेला आहे, फुकट आहे आणि छापल्यावर फार देखणा दिसतो.

१९९१ च्या सुमाराला युनिकोडच्या आधी एका डच माणसानी, फ्रान्स वेल्टहाइस यांनी, टेकमधे देवनागरी आणली होती, रोमनमधे लिहायचं आणि आधी एका प्रोग्राममधून काढायचं. माझ्या गाइडनी तसं केलंय. त्या मानानी आपण सुखात आहोत.

मँगनीजवाला | २३ मे, दुपारी १:०५

ताई, खोऱ्यातील आलं. ल पण आपला आला. बाबांना दाखवलं, ते म्हणाले यात काय विशेष, आमच्या शाळेच्या पुस्तकात असाच होता.

मँगनीजवाला | १ जून, संध्याकाळी ५:१८

ऑफिसात दाखवायला एक प्रत नेली. तिथल्या साहेबांनी पट्टी लावली, म्हणे लाइन स्पेसिंग दीड नाहीये, एकाच्या वर आहे पण दीडच्या खाली. मी शप्पथ दीडच ठेवलं होतं.

फुटाळा_७ | १ जून, संध्याकाळी ५:५०

तू पण खरा, ते पण खरे. 'वनअँडहाफस्पेसिंग' दिलं की बारा पॉइंटला दोन ओळींत १८ पॉइंट अंतर पडते, म्हणजे अक्षराच्या दीडपट. वर्ड दीडपट करते फॉन्टच्या मूळ ओळीच्या उंचीची, टाइम्सला ते जवळपास २०.७ येते. साहेबांच्या डोळ्याला वर्डचा दीड माहीत आहे. वाद घालू नको, 'सेटस्पेस' पॅकेजमधे १.४३ चा ताण दे, तंतोतंत वर्डसारखं दिसेल. पानावर चार-पाच ओळी कमी मावतील, पानं वाढतील तेवढी.

मँगनीजवाला | २ जून, सकाळी ११:४०

२३४ ची २६१ झाली. साहेब खूश.

डीटीपीकाका | २ जून, दुपारी १२:१५

बेटा, सगळ्या प्रती एकदम छापू नको. एक छाप, एक बांधून बघ, मग बाकीच्या.

मँगनीजवाला | ६ जून, रात्री ८:५५

काका, पाया पडतो. एक प्रत बांधली. विषम पानं मस्त. सम पानांवर डावीकडचे शब्द बाइंडिंगच्या आत गेले, वाचायला पुस्तक फाडावं लागेल. डावा समास दीड इंच ठेवला होता मी, सगळीकडे.

झिरोमाईल | ६ जून, रात्री ९:२०

एका बाजूनी छापतोयस ना? बुक क्लास गृहीत धरतो की पुस्तक दोन्ही बाजूंनी छापणार, म्हणून सम पानावर मोठा समास उजवीकडे नेतो. तू एकच बाजू छापलीस म्हणून सम पानाचा लहान समास शिवणीत गेला. क्लासच्या ओळीत 'वनसाइड' लिही, एवढंच. त्यानी चॅप्टरच्या आधी येणारी कोरी पानंही जातील. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, चूक माझी. आणि छापणाऱ्याला सांग की 'फिट टू पेज' बंद ठेव, शंभर टक्के साइज, नाहीतर तो समास परत स्वतःच्या मनानी लहान-मोठा करेल.

मँगनीजवाला | ९ जून, दुपारी ४:३०

बाकीच्या प्रती छापल्या, समास बरोबर. आता बाइंडरच्या दुकानात बर्डीला उभा आहे, तो विचारून राहिला की पुठ्ठ्याच्या पाठीवर सोनेरी नाव वरून खाली टाकू का खालून वर? नियमात काही लिहिलेलं नाही. लवकर सांगा, त्यानी मशीन तापवलंय.

तर्रीकमी | ९ जून, दुपारी ४:३३

माझ्यावर वरून खाली आहे. कपाटात मान उजवीकडे वाकवून वाचा लागते.

ऱ्हस्वदीर्घ | ९ जून, दुपारी ४:३६

माझ्यावर खालून वर. डिपार्टमेंटच्या लायब्ररीत जाऊन मागच्या वर्षीच्या बघून ये ना, दहा मिनिटांचं काम आहे.

मँगनीजवाला | ९ जून, संध्याकाळी ५:२०

जाऊन आलो. एका रांगेत दोन्ही आहेत. एक तर उलटीच बांधलेली आहे. वरून खाली सांगितलं.